उठला की सांग

चौसाळा,
८ नोव्हेंबर २०२५

आक्का,

त्या सकाळी नळाला पाणी यायचं होतं, म्हणून मी लवकर उठले. पिंप विसळलं, हंडे घासले. पाणी आलं ते गढूळच. पहिल्या घागरी शेळीला आणि तुळशीला घातल्या, मग पिण्याचं भरलं. ओटा झाडला. ज्वारी निवडून दळणाची पिशवी दाराशी ठेवली. हे ओट्यावर खांबाला टेकून मंडपाच्या दोऱ्या सोडवत होते. पावसात भिजलेल्या दोऱ्या, गाठी इतक्या आवळलेल्या की हे दातांनी ओढत होते. मी म्हटलं, "राहिलेत ते चार दात तरी जपा." तर म्हणाले, "चहाला कुठं दात लागतात? ठेव थोडा." मी चहा ठेवायला आत गेले.

एवढीच सकाळ होती. पुढचं तुम्हाला कळलं ते उशिरा कळलं, आणि थोडं अजून कळलेलं नाही. ते आज लिहीत नाही.

पत्र लिहिते याचं कारण असं की फोनवर तुम्ही "हां, बरंय" म्हणून ठेवून देता. पत्र ठेवून दिलं तरी नंतर काढून वाचता येतं. तुम्ही चौथी पास, आणि मी तुमच्या भावाकडे मंडपासाठी येणाऱ्या लग्नपत्रिका वाचून वाचायला शिकलेली. दोघींचं जमेल.

तर, पिक्चर येतोय. "चौथा खांदा". दिवाळीनंतर बीडला एक आठवडा चालला, तो मी पाहिला नाही. आता डायरेक्टर मनिषाताईंचा फोन आला की जिथे शूटिंग केलं त्या गावाला फुकट दाखवायचा. १४ डिसेंबरला, रविवारी, बाजाराच्या मैदानात, दिवेलागणीला. खुर्च्या आपल्याच लागणार. मला भाडं देऊ म्हणाल्या, मी नको म्हटलं. तुम्ही या, हे सांगायला पत्र.

शूटिंगचं गावात आता तीन-चार तऱ्हेने सांगतात. मी होते, म्हणून एकदा नीट लिहिते.

गेल्या वर्षी जानेवारीत ते लोक आले तेव्हा आपल्याकडे खुर्च्या आणि सतरंज्या घ्यायला आले होते. पिक्चर कोणाला नको असलेल्या माणसांचा. बँडमधून काढून टाकलेला एक दारुडा पिपाणीवाला, जेलमधून सुटलेला एकजण, आणि सासर सोडून पुलाखाली राहणारी एक चहावाली. या तिघांना बायपासला एक बेवारस मढं सापडतं. तिरडीवर घालून ते त्याचं गाव शोधत हिंडतात. चौथा खांदा द्यायला कोणी येत नाही. एका गावात म्हणतात आमच्या हद्दीतला नाही. दुसऱ्या गावात मेलेल्याचं रेशनकार्ड मागतात. हसायचा पिक्चर आहे, पण हसताना आपणही त्या गावातलेच आहोत असं वाटत राहतं.

मढ्याचं काम करणारा नट पुण्याहून आला होता. त्याला झेंडूने शिंका यायच्या. झेंडूचा हार घातला की मढं शिंकायचं. तेव्हा मनिषाताईंची नजर मंडपाच्या सावलीत झोपलेल्या तुमच्या भावावर गेली. माणसं खुर्च्या आपटत होती, जनरेटर चालू होता, आणि हे ढिम्म. ताई म्हणाल्या, "हे कोण?" गॅरेजवाले कय्युमभाई जनरेटरपाशी होते, ते म्हणाले, "मॅडम, वो तो अपना बंकटभाई. भूकंपात बी न्हाई उठनार."

मी नको म्हटलं होतं का? नाही, आक्का. मी हसले होते.

मग तो कावळा. मढं होऊन तिरडीवर निजलेल्या यांच्या अंगावर मुरमुरे टाकलेले, त्यांच्या नादाने आला आणि यांच्या डोक्यावर बसून कपाळाला चोच मारून गेला. सगळे हसले. संध्याकाळी म्हाताऱ्या म्हणाल्या, कावळा शिवला, हसू नका, सख्ख्या बहिणीला मेल्याचा निरोप धाडा. ती रडली की अरिष्ट टळतं, आयुष्य वाढतं. यांनीच कय्युमभाईंना फोन लावायला सांगितला. तुम्ही फाट्यापासून ऊर बडवत आलात, आणि तुमचा भाऊ नाकात कापूस घालून तिरडीवर बसून भजी खात होता. तुम्ही चप्पल काढली. हे म्हणाले, "आक्का, मार, पन आधी भजी खा, गरम हाय."

नंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कय्युमभाईंचाच फोन आला, आणि तुम्ही वेळेत आला नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलेलं नाही, आणि म्हणणार नाही.

१४ तारखेला या.

तुमची,
वनमाला


नांदूरघाट
१६ नोव्हेंबर

वनमाला,

तुजं पत्र मिळालं. पोस्टमन म्हनला, मावशी, लई वर्सानं कुनाचं तरी हातानं लिवलेलं पत्र आलं, वाचून दावू का? मी म्हनले, मला येतं वाचायला, तू तुजी सायकल बग.

मी येनार न्हाई. पिक्चर बगितला न्हाई आन बगनार बी न्हाई. जित्या मानसाला तिरडीवर बांदायचं, अबीर लावायचा, गावोगाव फिरवायचा, आन वर म्हनायचं हासायचा पिक्चर. यमाला काय कळतं गं हा पिक्चर हाय म्हनून? त्यानं मानूस तयारच बगितला आन नेला.

म्हनं आयुष्य वाढतं. कुटं वाढलं? जानेवारीत मी रडले, ऑगस्टात गेला. सात म्हैने. माजं रडनं फुकट गेलं. खऱ्याला रडायचं ते खोट्याला रडून बसले, आन खऱ्याच्या येळंला माज्याकडं काय उरलंच न्हवतं.

तू म्हनतीस म्हननार न्हाई. मग मीच म्हनते. तू कावून फोन केला न्हाईस? कय्युमनं केला. ज्यानं खोटा केलता त्यानंच खरा केला, त्योच आवाज. तुजा आवाज आयकला असता तर मी अनवानी आले असते. तुला बोट उचलून येक फोन करनं झालं न्हाई?

आन त्येराव्याला मी तुज्या दारात आले तवा तू मला टपरीवरचा चा पाजलास. कय्युमच्या ग्यारेजसमोरून कागदी कपात. सख्खी ननंद, भाऊ गेलेला, आन घरात चुलीवर चा ठिवायला तुला जड झालं. मी तवाच समजले की माजं माहेर संपलं. गेले ते परत आले न्हाई.

त्यात त्या लोकांनी त्याची काय दशा केली. तिघांनी उचललेला, डोकं येका बाजूला लोंबतंय. नाकावर माशी बसली, ती इकडून तिकडं फिरती, आन येकानं बी हाकलली न्हाई. हजार मानसं भवती आसतील, येकाचा हात उठला न्हाई. असल्यांच्या पिक्चरला मी येऊ?

अमरसिंहला सांगितलंय. माजं लेकरू म्हनून न्हाई म्हनत, पर तालुक्याला त्याचा शब्द चालतो. त्यो मैदानाची परवानगी मिळू देनार न्हाई. तू वाईट वाटून घिऊ नको. घेतलंस तर घे.

गीताबाई


चौसाळा,
२३ नोव्हेंबर २०२५

आक्का,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. फोनचं तुमचं बरोबर आहे. तो मी करायला हवा होता. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला हात काढून घेता येत नव्हता. कय्युमभाई म्हणाले, "भाभी, मैं लगाता हूँ." मी मान हलवली. त्यांचा आवाज तुम्हाला कसा लागेल हे मला तेव्हा सुचलंच नाही. तुमची दुपार टळेपर्यंत वाट पाहिली. आभाळ भरून आलं होतं. चुलतघरचे बिभीषणभावजी सारखे म्हणत होते, उरका, पाऊस आला तर लाकडं भिजतील. मूलबाळ नाही, म्हणून पाणी त्यांनी दिलं. खांद्याला तिघे झाले घरातले. चौथ्या बाजूला कोण याचा विचार होत होता, तोवर कय्युमभाईंनी चपला काढून खांदा लावला होता. तिरडी उचलली.

तुमचं रडणं फुकट गेलं असं तुम्ही लिहिलंत. मी वेगळा हिशोब धरते. यांना छातीचा त्रास शूटिंगच्या आधीपासून होता, हे मला नंतर त्यांच्या खिशातल्या गोळ्यांवरून कळलं. तेव्हा जानेवारीतच जायचे असतील तर? मग ते सात महिने तुमच्या रडण्याचे. त्या सात महिन्यांत त्यांनी उन्हाळ्यातली सगळी लग्नं केली. मंडप उतरवल्यावर शेवटच्या पंगतीला जे कोणी यायचे, पुलाखालचे, फाट्यावरचे, ज्यांना लग्नवाले हाकलायचे, त्यांना हे आपल्या ताटाशेजारी बसवायचे. पिक्चरमध्ये काम केल्यापासून तर म्हणायचे, "अरे या, तुमीच तर माजे खांदेकरी." सात महिने कमी नसतात.

आता एक विचारते, रागावू नका. माशीचं मी तुम्हाला लिहिलं नव्हतं.

शूटिंगला मी होते, म्हणून मला माहीत आहे. माशी खरी होती. कॅमेरा चालू असताना बसली, आणि यांनी पापणीही हलवली नाही. मनिषाताई इतक्या खूश झाल्या की कोणाला हात लावू दिला नाही. पण ती माशी पिक्चरमध्ये ठेवली की काढली, हे मलाही ठाऊक नव्हतं. तुमच्या पत्रातून कळलं की ठेवली.

बीडला तुम्ही कधी गेला होता, आक्का? आणि कोण होतं बरोबर?

आणखी एक. शेवटाचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

तुमची,
वनमाला


नांदूरघाट
३० नोव्हेंबर

वनमाला,

तू लई हुशार झालीस गं. लग्नपत्रिका वाचून येवडं येतं म्हनल्यावर मी पन वाचाय पायजे हुत्या.

गेलते. घरात डोळ्याचा डॉक्टर म्हनून सांगितलं. यष्टीनं येकलीच गेले. टाकीजच्या दारात दोन येळा म्हागारी फिरले. तिकिटाची पोरगी म्हनली, आज्जी, ह्यो तुमच्या वयाचा पिक्चर न्हाई, ह्यात मढं हाय. मी म्हनले, बाई, ते मढं माजंच हाय, दे तिकीट. तिनं मला येडी समजून कोपऱ्यातली खुर्ची दिली.

आत मोजकी मानसं. सगळी हासत हुती. मी येकटीच हुते जी हासत न्हवती. वनमाला, मला त्याचं तोंड बगायला मिळालं न्हवतं. मी आले तवा धूर निगत हुता. वरीसभर मी डोळे मिटले की मला धूरच दिसतो, तोंड दिसत न्हाई. म्हनून गेले. पिक्चरात का व्हईना, मुखदर्शन तर व्हईल.

झालं. पडद्यावर येवडं मोटं तोंड, भिताडायेवडं. बारीकपनी गोट्या खेळताना पडलेली भुवईवरली खोक दिसली. मी हात जोडले. तेवड्यात ती माशी आली, आन म्हागची पोरं फुस्स करून हासली.

शेवटाकडं ते तिघं नदीकाठी लाकडं गोळा करत्यात. मी उठले. म्हनले, आता जाळनार. येकदा धूर बगितलाय, दुसऱ्यांदा पैशे दिऊन कशाला बगू? यष्टीस्टॅंडवर बसून ऱ्हायले. घरी म्हनले, डॉक्टरनं ड्रॉप घातले, म्हनून डोळे लाल.

आजून येक लिवते. हे तुला कय्युमनं सांगितलं आसंल, तरी माज्या हातानं लिवते. त्या दिवशी त्याचा फोन आला. म्हनला, आक्का, बंकटभाई गुजर गये. मी म्हनले, बरं बरं, मेला तर मेला, उठला की सांग. आन ठिवून दिला. वर कपडे वाळत घालताना हासले बी. म्हनले, आता कंचा कावळा आला याला. मग फोन चार्जिंगला लावला तो दुपारपत्तुर बगितलाच न्हाई. अमरसिंहनं ममईवरून घरच्या लँडलाईनवर फोन केला तवा खरं कळलं.

उठला की सांग. सख्ख्या भावाला. आसं कुनी म्हनतं का गं?

मला बोलवू नको. मी आले तर कय्युमसमोर तोंड कसं दावू.

गीताबाई


चौसाळा,
५ डिसेंबर २०२५

आक्का,

कय्युमभाईंनी मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी विचारलं होतं, आक्का काय म्हणाल्या? ते म्हणाले, "भाभी, आवाज बराबर आया न्हाई, रेंज नव्हती." मी आजपर्यंत तेच धरून होते. त्यांना मी आता विचारणार नाही. त्यांनी जपून ठेवलंय तर राहू दे.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं की पुढचं आज लिहीत नाही. आता लिहिते.

मी चहा घेऊन ओट्यावर आले. हे खांबाला टेकलेले, मान जरा कलती, दोरी हातात, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हटलं, "घ्या." हलले नाहीत. शूटिंग झाल्यापासून यांना तो नादच लागला होता, तुम्हाला माहीत नाही. मी भाकरी वाढली की आडवे व्हायचे, मढ्यासारखे. मी ओरडले की एक डोळा उघडायचे. म्हणायचे, "बगितलं? नटाला जमलं न्हाई ते." तर मी म्हटलं, "पुरे झालं आता, उठा." मग म्हटलं, "उठा, तुमच्या डायरेक्टरबाई गेल्या, बघायला कोणी नाही." कप शेजारी ठेवला आणि दळणाची पिशवी बाजूला सारली. मग पुन्हा म्हटलं, "उठा, चहा निवतोय हो." हसूनच म्हटलं. दाराची माती झाडून घेतली. वळून पाहिलं तर चहावर साय धरली होती.

तोवर ते नव्हते, आक्का. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते आणि मला कळलं नाही. तुम्ही तर नांदूरघाटला होता. तुम्ही एकदा म्हणालात उठला की सांग, मी तीन वेळा म्हटलं उठा. आपल्या दोघींनी वाईट काही म्हटलं नाही. तो माणूस उठायचा नेहमी, म्हणून म्हटलं.

त्या दिवसापासून मी घरात चहा ठेवत नाही. पातेलं मांडणीवर पालथं आहे. स्वतःला नको वाटतो, आणि कोणी आलं की टपरीवरून मागवते. तेराव्याला तुम्हाला तोच दिला. त्यात तुमचं माहेर संपवायचं माझ्या मनात नव्हतं. माझ्याच्याने उकळी बघवत नव्हती, एवढंच. हे तेव्हा तोंडाने सांगायला हवं होतं.

तुम्ही पिक्चरमधून उठून गेलात तिथून पुढचं मी शूटिंगला पाहिलेलं आहे. सांगणार नाही. फक्त एक सांगते. जाळत नाहीत.

अमरसिंहांना परवानगी देऊ द्या. आणि या.

तुमची,
वनमाला


नांदूरघाट
९ डिसेंबर

वनमाला,

साय धरल्याचं वाचून मी पत्र उशाला घिऊन झोपले. जास्ती लिवत न्हाई.

अमरसिंहला म्हनले, परवानगी दे. म्हनला, आई, तूच म्हनलीस देऊ नको. म्हनले, आता म्हनते दे. त्यानं काय केलं आसंल? सोताच परमुक पाव्हना झाला. फ्लेक्स छापाय टाकलाय. त्यात त्याचा फोटू बैलायेवडा, आन खाली कोपऱ्यात बंक्याचा टिकलीयेवडा. मी म्हनले, मेल्या, पिक्चर कुनाचा हाय? मग येक सारका कर म्हनून सांगितलंय. बगू.

मी येते. पर म्हागं बसन, अमरसिंहच्या जीपच्या जवळ. पुडं बसवू नको. कय्युमला सांग माज्याशी बोलायचं न्हाई. राग न्हाई. मलाच सुदरायचं न्हाई.

जाळत न्हाईत हे खरं हाय ना?

गीताबाई


चौसाळा,
१८ डिसेंबर २०२५

आक्का,

रविवारी तुम्ही जीपमध्ये बसून गेलात आणि आपलं बोलणं झालं नाही. तुम्ही सगळ्यांत मागे होता, मी पडद्याच्या बाजूला जनरेटरपाशी. मला समोर बसलेली माणसं दिसत होती आणि तुम्हाला पडदा. म्हणून मला दिसलं ते लिहिते.

पडदा मी बांधला. आपल्याच दोऱ्यांनी. त्यांनी त्या सकाळी हातात धरलेली दोरी मी तेव्हापासून तशीच ठेवली होती. तिच्यातली एक गाठ सोडवायची राहिलेली. मी ती सोडवली नाही. गाठीसकट वरच्या कोपऱ्याला ओढून बांधली. घट्ट बसली.

अमरसिंहांचं भाषण लांबलं. "मामांनी जिल्ह्याचं नाव सातासमुद्रापार नेलं" असं म्हणाले तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "बीडच्या पुढं न्हाई गेला की वो!" फ्लेक्सवर फोटो सारख्या मापाचे होते, हे तुमचं काम. यांच्या फोटोत नाकातला कापूस तसाच राहिला होता. कोणाच्या लक्षात आलं नसेल, मला आलं. बरं वाटलं.

पिक्चर सुरू झाला. गाव आपलं, म्हणून लोक आधी माणसं बघत नव्हते, आपापली घरं शोधत होते. "ते बग आपलं शेड!" मग पिपाणीवाला आला, चहावाली आली, आणि तिरडीवर हे. हजारभर माणसं, पण शेंगांची टरफलं पडलेली ऐकू येत होती. यातल्या किती जणांच्या लग्नाला यांनी मंडप घातला असेल. मग तिरडी तीन खांद्यांवर कलंडली, यांचं डोकं एका बाजूला गेलं, आणि कोणीतरी पहिलं हसलं. मग सगळेच. मीही हसले. तो हसण्यासारखाच प्रकार होता, आक्का. तसे ते घरीही झोपायचे.

माशी आली. मी तुमच्याकडे पाहिलं. अंधारात जीपच्या जवळ तुमचा पदर हवेत हलला, दोनदा. तुम्ही माशी हाकलली. तुमच्या पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं, मग तिनेही हात हलवला.

लाकडं गोळा करायची वेळ आली तेव्हा तुम्ही उठलात. मला भीती वाटली की आता जाणार. तुम्ही जीपच्या दाराला धरून उभ्या राहिलात. बसला नाहीत, गेलाही नाहीत.

पडद्यावर पिपाणीवाल्याने काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. तिसरी लागली तर चहावाली म्हणाली, "थांब रे, आग लागलीच हाय तर आधी चा करून घिऊ, रातभर उपाशी हाय मी." तीन दगड मांडले, त्यावर पातेलं. उकळी दाखवली. मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत.

मग हे उठून बसले. नाकातला कापूस काढला आणि म्हणाले, "मला बी ठेव थोडा."

लिहिलेलं वाक्य ते नव्हतं. लिहिलेलं होतं, "मी कुठं आहे?" मनिषाताईंनी चार वेळा पाठ करून घेतलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिरडीवरून उठले की यांच्या तोंडून हेच यायचं. शेवटी त्या म्हणाल्या, राहू दे.

आणि तेव्हा तुम्ही ओरडलात. "उठलास का रे मुडद्या! किती वाट बगायला लावलीस!"

मग बिभीषणभावजी, जे कधी हसत नाहीत, त्यांनी हसून टाळी वाजवली, आणि सगळं मैदान वाजवायला लागलं. पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. बघितलं मात्र सगळ्यांनी, चहा पिऊन झाल्यावर हे स्वतः उठून रिकाम्या तिरडीच्या चौथ्या कोपऱ्याला खांदा देतात आणि चौघे रस्त्याने निघतात. मनिषाताई मला विचारत होत्या, "त्या मागच्या बाई कोण?" मी म्हटलं, "सख्खी बहीण." त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या.

तुम्हाला दिसलं नसेल ते आता लिहिते. तुम्ही ओरडलात त्या वेळी कय्युमभाई जनरेटरच्या मागे जाऊन बसले आणि त्यांनी रुमालाने तोंड झाकलं. मी त्यांना तुमचा निरोप दिला होता, की आक्कांशी बोलायचं नाही. "जी भाभी" म्हणाले होते. पिक्चर संपल्यावर मात्र उठले. मी म्हटलं, "भाई, नको." ते माझ्याकडे न बघता सरळ तुमच्याकडे चालत निघाले. लोक खुर्च्या घडी करत होते, त्यातून वाट काढत. मी मागोमाग आले, पण तोवर ते तुमच्यासमोर जाऊन उभे राहिले होते. मान खाली. मला ऐकू आलं ते एवढंच.

"आक्का, तुमी म्हनला हुता, उठला की सांग." त्यांनी पडद्याकडे हात केला. "तो उठला."

तुम्ही त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातलात. मग दुसरा. मग तसाच हात त्यांच्या पाठीवर ठेवून रडलात. त्या जानेवारीत खोट्याला रडला होतात त्यापेक्षा कमी आवाजात. अमरसिंह गाडी चालू करून हॉर्न वाजवत होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "थांब की बे, मामा उठलाय तुजा." एवढं म्हणून बसलात आणि गेलात.

घरी आल्यावर मी खुर्च्या लावल्या, पडदा सोडला. दोरी गाठीसकट खुंटीला अडकवली.

संक्रांतीला या. माहेरपणाला या. तुमचा भाऊ असता तर बोलावणं त्यांनी केलं असतं, आता मी करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, ओटा झाडला, पातेलं उलटं होतं ते सुलटं केलं, चहा ठेवला आणि ओट्यावर खांबाशी बसून गरम असतानाच प्याले.

तुमची,
वनमाला